साडभाऊंचं नाक

या जगात कुठलीच वस्तू मरत नाही, ती नुसते कपडे बदलते, असं सांगणारे प्रवचनकार पुष्कळ भेटतात. पण त्याचा पुरावा नाकात घेऊन हिंडणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अकोल्याच्या एमआयडीसीत त्यांची टिनाची शेड आहे. एका बाजूने भंगारातलं प्लास्टिक आत जातं, म्हणजे फुटक्या बादल्या, मोडक्या खुर्च्या, वरूडकडचे संत्र्यांचे क्रेट. आणि दुसऱ्या बाजूने काळीकुळकुळीत घमेली बाहेर पडतात. एवढाच कारखाना. पण साच्यातून निघालेलं ऊन ऊन घमेलं दोन्ही हातांत घेऊन साडभाऊ असे हरवून जातात, की आपण बारशाला आलोय असं वाटून मीसुद्धा एकदा 'अभिनंदन' म्हणून बसलो होतो.

प्लास्टिक कुठल्या जातीचं आहे हे ओळखायची त्यांची रीत एकच. चाकूने कपची काढायची, काडी लावायची, फुंकून विझवायची आणि धूर हुंगायचा. मेणबत्तीसारखा वास आला की माल घमेल्याचा. नाक झोंबलं की पाइपाचा माल. तो पोत्यात चुकून जरी आला तरी सगळा घाणा नासतो आणि साचा खराब होतो तो वेगळाच. पाण्यात टाकून तरंगतं का ते पाहणारे लोक आहेत, पण साडभाऊंच्या लेखी ते अनाडी. "नाक देल्लं ना देवानं, मंग बादलीत काय पाह्यता?"

आता हे शेडमध्ये करावं की नाही! दर्यापूरला एका लग्नात त्यांनी मांडवातली खुर्ची उलटी केली, पायाची कपची काढली आणि ऐन मंगलाष्टकांत पेटवली. मुलीच्या मामाला वाटलं, हा कोणी करणी करणारा आला. चार जण धावून आले. साडभाऊ डोळे मिटून धूर हुंगत शांतपणे म्हणाले, "बसा पाहुणे, बिनघोर बसा. लय जनम पाहून आली हाय हे खुर्ची." मी त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत त्यांच्यापासून सहा माणसं सोडून बसलो. आमच्या अमरावतीच्या घरी ते येणार म्हटलं की बायको बादली, टब, साखरेचा डबा सगळं दिवाणात लपवते. एकदा टमरेल राहिलं, तर त्याचा काठ गेलाच. वर सांगतात, "साडभाऊ, हे मागच्या जनमी संत्र्याचं क्रेट होतं. वास येते ना अजून संत्र्याचा!"

हा संत्र्याचा वास म्हणजे आमच्या ताईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, डोक्यात तिडीक. "जळक्या प्लास्टिकले म्हणे संत्र्याचा वास! डोकं ठिकाणावर हाय का यायचं?" ताईंनी तीस वर्षं त्या धुराशी भांडण मांडलं. शेडमध्ये पाऊल म्हणून टाकलं नाही. नवरा घरी आला की शर्ट अंगणातच काढायला लावायच्या, दोन बोटांत धरून हुंगायच्या, नाक मुरडायच्या आणि मोरीत फेकायच्या. मग आंघोळ, मग चहा. या नेमात खंड पडलेला मी पाहिला नाही.

म्हणून परवाच्या रविवारी शेडमध्ये शिरलो आणि चाटच पडलो. साडभाऊंच्या शेजारी खुर्ची टाकून खुद्द ताई तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या! समोर भंगारवाले चाचा पोती उतरवत होते. "सूंघ लो भाऊ, एक नंबर माल हाय," चाचा म्हणाले. साडभाऊंनी कपची पेटवली, विझवली, नाकाशी नेली, डोळे मिटले. मी दहा पावलांवर होतो, तरी माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. साडभाऊंच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. तेवढ्यात ताई खोकल्या. साडभाऊंनी लगेच डोळे उघडले. "चाचा, पाइपाचा माल मिसळला याच्यात. वापस न्या." चाचांनी कानाला हात लावला. "तुमच्या नाकाले तोड नाई, भाऊ!"

चाचा गेले, चहा आला, आणि मी ताईंना विचारलं, "खोकला कधीपासून?" साडभाऊंनी कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "मागं तो ताप आल्ता ना, तवापासून नाक गेलं, साडभाऊ. कशाचाच वास येत नाई. म्या कोणाले सांगतलं नाई. एक पोतं पाइपाचं घुसलं अन् घाणा जळला. माणसं डोळे चोळत बाहीर पळाली, अन् मी आपला मशीनपाशी उभा, काय झालं इचारत."

"मले शर्टानं सांगतलं," ताई म्हणाल्या. "रोजचा वास नोयता तो. आज काय जळालं इचारलं, तं म्हने काई नाई. तवाच समजलं मले." तीस वर्षं शर्ट हुंगून हुंगून या बाईचं नाक कधी तयार झालं, ते तिलाही कळलं नव्हतं. "बाजारात समजलं तं कोणीबी कायबी पोत्यात भरन यायच्या गळ्यात मारन. शेड बंद करा लागन. अन् शेड बंद झाली तं हा माणूस घरात काय करन, सांगा बरं?" खरं सांगतो, मला त्या दोघांपुढे मान वर करायची लाज वाटली. इतकी वर्षं मी त्या नाकाची नुसती टिंगलच केली होती.

ऊन टिनावरून उतरत होतं. मशीन बंद होतं. साडभाऊंनी कोपऱ्यातल्या फुटक्या क्रेटची कपची काढली, पेटवली, विझवली आणि ती या खेपेला ताईंपुढे धरली. लहान पोरासारखं विचारलं, "सांग ना, कसा येते?"

"मेणबत्तीवानी."

"अन्?"

ताईंनी डाळीचं ताट मांडीवरून खाली ठेवलं. पुन्हा एकदा, चांगला खोल, हुंगला तो धूर.

"वरूडचं क्रेट हाय, अजी. संत्र्याचा वास येऊन राह्यला."

माझं नाक शाबूत आहे. धुराशिवाय तिथे कशाचाही वास नव्हता. मी काही बोलणार, एवढ्यात ताईंनी माझ्याकडे असे डोळे वटारले की विचारता सोय नाही.

"येतोय की!" मी म्हणालो. "चांगला गोड येतोय."

साडभाऊंनी डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला.