घरावरचं पाचट

उसाच्या वाळलेल्या पाचटाचा वास आला, की येवल्याजवळचं आमचं पत्र्याचं घर आठवतं. मी शाळेत होते. आई तापानं पडून होती आणि वरचा पत्रा तव्यासारखा तापला होता. आबांनी, माझ्या वडिलांनी, गाडीभर पाचट आणलं आणि सगळं कांदा साठवायच्या चाळीवर अंथरलं. चाळीत आधीच चहूबाजूंनी वारा खेळत होता.

"थोडं घरावर बी टाका की," आई म्हणाली.

"कांदा लय नाजूक हाय, उन्हानं सडतो," आबा म्हणाले. "माणसाचं चालतंय."

आईनं ओला पदर कपाळावर ओढला.

कांदा दिवाळीपर्यंत टिकला. आई पावसाआधीच गेली.

चाळ केव्हाच मोडली. आबा आता दर उन्हाळ्यात घरावर जाड पाचट घालतात आणि स्वतः बाहेर कडुलिंबाखाली झोपतात. आत आईची खाट आहे.