नकाराचे पेढे

सुजाताला कुणी नकार दिला की ती पेढे वाटायची. आखाडा बाळापूरला आमच्या घराची वरची खोली तिनं भाड्यानं घेतली आणि थोड्याच दिवसांत पहिला पुडा आला. शेजारच्या रुक्मिणबाईंनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "सोयरीक जमली का गं?"

"न्हाई मावशी, नकार आला. माझं काम परत पाठवलं त्यांनी!"

तोंडातला पेढा गिळावा की काढावा, रुक्मिणबाईंना कळेना.

सुजाता पुण्याच्या कंपनीचं काम खोलीत बसून करायची. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मात्र कॉलेजच्या पोरापोरींना वर जमवायची. सगळे लॅपटॉप घेऊन सतरंजीवर बसत. कॉम्प्युटरचे काही प्रोग्राम कुणा एकाचे नसतात म्हणे. कुणीही उघडून बघावं, चुकलेलं दुरुस्त करून पाठवावं. ते सांभाळणारे लोक तपासतात, पटलं तर घेतात, नाही तर परत करतात. पैसे मिळत नाहीत.

"मग काहून करतात?" मी एकदा हळूच विचारलं. एरवी मी परक्यांत तोंड उघडत नाही.

"काकू, भंडाऱ्यात जेवून उठलेला माणूस बादली घेऊन वाढायला लागतो. त्याला कोणी काहून म्हणतं का?"

ती केसांत पेन खोचायची आणि मग घरभर पेन शोधत फिरायची. काम पाठवायला पोरं भ्यायली की म्हणायची, "नकार आला म्हंजे कोणीतरी वाचलं की! वाचल्याबिगर कोण नकार देतंय?"

माझी सून वैशाली कॉम्प्युटर शिकलेली. दोन ठिकाणी नोकरीला नाही म्हणाले, तेव्हापासून तिचा लॅपटॉप कपाटात साड्यांखाली होता. ती गप्प गप्प होत चालली होती, त्याचा मला घोर लागला होता. रविवारी ती चहा घेऊन वर जायची आणि रिकामे कप आणायला तासभर लावायची.

"वैनी, दारात उभं राहून पाय दुखत न्हाईत का? बसा की," सुजाता म्हणाली आणि एक काम तिच्या गळ्यात मारलं. कुठल्याशा प्रोग्राममध्ये मराठी महिने मागेपुढे लागत होते. वैशालीनं ते नीट केलं, पण पाठवेना.

"हसतील हो."

"हसू द्या. इतक्या लांबून ऐकू येत न्हाई."

शेवटी वैशालीनं डोळे मिटून बटण दाबलं. काम परत आलं. ती भाकरी थापता थापता रडायला लागली. सुजाता पुडा घेऊनच खाली आली आणि तिच्या तोंडात पेढा कोंबला. "आता रडता येत न्हाई. त्यांनी काय लिवलं ते वाचा आधी."

दोनच ओळी बदलायला सांगितल्या होत्या. वैशाली पिठाच्या हातानंच लॅपटॉपला बसली. तव्यावरची भाकरी करपली, ती मी उतरवली. दुसऱ्या खेपेला काम मंजूर झालं.

पण लगेच सुजाताला कंपनीनं पुण्याला बोलावलं. एसटीत चढताना म्हणाली, "काकू, रविवारी पोरं येतील. माघारी पाठवू नका." मी मान हलवली. मला काळजी वैशालीची होती. सुजाता गेल्यावर तो लॅपटॉप पुन्हा साड्यांखाली गेला तर?

रविवारी पोरं आली आणि अंगणातच चुळबुळत उभी राहिली. माझ्यानं तर 'बसा'सुद्धा म्हणवेना. तेवढ्यात वैशाली लॅपटॉप काखेत मारून बाहेर आली.

"अशे काहून उभे? वर चला."

थोड्या वेळानं जिन्यावरून हाक आली, "आत्या, चहा तुमीच आणा. मला टाइम न्हाई!"

सासूला हुकूम सोडणारी सून ऐकून रुक्मिणबाईंनी कपाळावर हात मारला. मी चहात साखर जरा जास्तच टाकली.