माझं आर्केड मशीन आणि नंदूचं समुद्राखालचं गाव

रविवार, ९ नोव्हेंबर. संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं. बोईसर, माझ्या घरचा हॉल. माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने, नंदूने, मी स्वतः बनवलेल्या आर्केड मशीनवर पहिला डाव माझ्याआधी खेळला. वर स्वतःचं हेल्मेट माझ्या हातात दिलं... "धर गं जरा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये माणसाच्या उंचीची मशीन्स असायची ना, त्यांचा फक्त वरचा अर्धा भाग समजा, टेबलावर ठेवायचा. प्लायची तिरपी पेटी, आत जुना मॉनिटर आणि पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर, पुढे जॉयस्टिक आणि रंगीत बटणं. निवृत्त बाईने भजनी मंडळात जावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल जावं... मी वायरी जोडत बसले.

वायरींची मला भीती नाही, तारापूरच्या कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी केली आहे. पेटीसाठी मात्र सुतार हवा होता. मिळाले ते सातपाटीचे पांडूदादा... होड्यांचे सुतार. त्यांनी सवयीने प्रत्येक फट कापूस आणि लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बंद केली. "थेंब नाय जायाचा आत, बाय!"

थेंब कशाला जाईल? मी काय मशीन घेऊन मासे धरायला निघाले होते? पण वाराही आत जाईना. पेटी तव्यासारखी तापली आणि स्क्रीन काळा झाला. शेवटी मागच्या फळीला मीच ड्रिलने भोकं पाडली. ते बघवेना म्हणून दादा तोंड फिरवून उभे राहिले.

आता हा उद्योग कशासाठी, ते ऐका.

मी नुकती नोकरीला लागले होते आणि नंदू सातवीत होता. आम्ही उमरोळीला राहायचो. शनिवारी त्याला बोईसरच्या क्लासमधून घेऊन घरी जायचं काम माझ्याकडे. वाटेत एक गेम पार्लर होतं, दाराला जाड निळा पडदा. नंदू आत जायचा. मीही आत जायला निघाले तर गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "लडकी लोग अंदर नहीं आती."

माझ्या पगारातली नाणी त्याला चालत होती, मी चालत नव्हते! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला ताठ उभं राहायला शिकवलं होतं. तशी ताठ उभी राहायचे, नंदूचं दप्तर धरून. पडद्याखालून रंगीत उजेड माझ्या चपलांवर यायचा... कधी हिरवा, कधी जांभळा. आतून पाण्यात घंटा वाजावी तसे आवाज.

मग उमरोळी स्टेशनवरून बांधाबांधाने घरी जाताना नंदू मला गेम सांगायचा. एक निळी होडी. ती समुद्राच्या वर नाही, खाली चालते. तळाशी एक गाव, घराघरांत दिवे... आणि माशांऐवजी गल्ल्यांतून पांढरे पक्षी फिरतात. दिवे विझायच्या आत होडी शेवटच्या दाराशी न्यायची.

दर शनिवारी तो थोडं पुढे सांगायचा. उरलेलं मी झोपेत बघायचे. एका शनिवारी होडी त्या दाराशी पोहोचली... आणि पुढच्या शनिवारी पार्लरला कुलूप. कायमचं.

इतकी वर्षं ते दार माझ्या डोक्यात बंदच आहे. म्हणून हे मशीन. दुपारी पडदे ओढून मी जुने गेम एकेक करून लावून बघितले. भिंतीवर, माझ्या हातांवर रंग हलत राहायचे, आणि आपण खरंच पाण्याखाली बसलोय असं वाटायचं. पण एकही गेम खेळले नाही. ते गाव सापडेल तेव्हाच पहिला डाव, असं ठरवलं होतं. गाव सापडलंच नाही... म्हटलं, नंदूला बोलवावं, तो बघताक्षणी ओळखेल.

तो पालघरहून आला, वैशालीला, त्याच्या बायकोला, घेऊन. मी काही बोलायच्या आत खुर्चीत बसला. "सरक ताई, तुला नाही जमायचं." आणि मी पुन्हा मागे उभी, त्याचं सामान धरून...

दोन मिनिटांतच खेळ खलास! पुन्हा सुरू केलं, पुन्हा खलास. जॉयस्टिक पातेल्यात पळी फिरवावी तशी फिरवत होता. वैशाली हसून बेजार. मी म्हटलं, "काय रे, पार्लरचा राजा ना तू?"

त्याने जॉयस्टिक सोडली. मग स्क्रीनकडेच बघत म्हणाला, "ताई, मी कधी खेळलोच नाही. मोठी पोरं पडद्याआड शिरताच नाणी काढून घ्यायची. मला नुसत्या त्यांच्या पाठी दिसायच्या."

"मग ते गाव?"

"तू बाहेर ताटकळत उभी असायचीस... रिकाम्या हाताने कसं यायचं?"

मला इतका राग आला की हेल्मेट त्याच्या मांडीवर आदळलं. आणि मग, का कोण जाणे, आम्ही दोघं एकाच खुर्चीत अर्धे अर्धे बसलो. जॉयस्टिक माझ्याकडे, बटणं त्याच्याकडे. अतिशय वाईट खेळलो.

रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं... ते गाव कुठल्याच मशीनमध्ये नव्हतं. सातवीतल्या मुलाने ते माझ्यासाठी चालता चालता बांधलं होतं. असं मला पुन्हा कुणी काही दिलेलं नाही.

पण म्हणून माफी नाही. नंदकुमार, ही पोस्ट तू वाचतोयस हे मला माहीत आहे. होडी अजून त्या दारातच उभी आहे. दार उघडलं का आणि आत काय होतं, याचा खुलासा येत्या रविवारी, १६ नोव्हेंबरला, संध्याकाळी पाचच्या आत माझ्याकडे पोहोचला पाहिजे. लेखी. तुझ्या हस्ताक्षरात. फोनवर सांगितलेलं चालणार नाही.