शिवलीलाच्या पत्रिकेतली सरकी

आमच्या घरात कुठलीही वस्तू एकटी येत नाही.

आम्ही दोघे भाऊ. थोरला विश्वनाथ, म्हणजे दादा, आणि धाकटा मी, सोमनाथ. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, बीडमध्ये पशुखाद्याचं दुकान. सरकी, पेंड आणि भुसा यांच्या वासात आम्ही लहानाचे मोठे झालो. पुढेमागे भावाभावांत वाकडं येऊ नये म्हणून अण्णांनी आम्ही पाळण्यात असल्यापासून एक नियम केला होता : एकाला जे, तेच दुसऱ्याला. एकाच ताग्यातले शर्ट, एकाच कंपनीची घड्याळं, एकाच रंगाच्या सायकली. दादाचे टॉन्सिल काढले तेव्हा अण्णांनी डॉक्टरांना माझ्याबद्दलही विचारलं होतं. (माझे ठणठणीत निघाले. आपल्या हातून धाकट्यावर अन्याय झाला असा चेहरा करून अण्णा कितीतरी दिवस हिंडत होते!)

दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं. बीडमध्ये चपलांच्या दुकानातसुद्धा मोबाइल मिळायला लागले होते. मी घरातच कॉम्प्युटर मांडून लग्नपत्रिका जुळवायचं काम सुरू केलं. मला कॉम्प्युटर म्हटल्यावर दादालाही आला. तो त्यावर दुकानाची बिलं करायचा. मागच्या खोलीत अण्णांनी मधोमध प्लायवूडचं पार्टिशन घातलं, टेप लावून, इंचाचा फरक नको म्हणून. अलीकडे माझं ऑफिस, पलीकडे दादाचं. पार्टिशनला पाठ लावून दोघांची टेबलं, आणि येण्याजाण्यापुरती मधे एक फट.

मग एकदा अण्णा औरंगाबादला गेले आणि बिनवायरचा कीबोर्ड-माउस घेऊन आले. दोन आणले, हे सांगायला नकोच.

नेमकं तेव्हाच माझ्या मेव्हणीचं, शिवलीलाचं, लग्न ठरलं. माझी सासुरवाडी गेवराईची. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. त्यांचं तिथं किराणा दुकान, आणि सकाळी शटर वर करून बाहेर पडतो तोच कर्ता पुरुष असं त्यांचं ठाम मत. जावई काय करतात असं कुणी विचारलं की ते खाली बघून म्हणायचे, "घरीच असतेत." ऐकणारा हळहळायचा आणि आता तब्येत कशी आहे म्हणून चौकशी करायचा!

माझी बायको मंगल हे ऐकून ऐकून पेटली होती. ती माहेरी जाऊन सांगून आली, "शिवलीलाची पत्रिका आमच्याच घरून व्हईल. दुसरीकडं टाकायची न्हाई." परत आल्यावर मला म्हणाली, "आता तुमच्या हातात हाय. बिघडली तर मला माहेरात तोंड दाखवायला जागा न्हाई."

पत्रिका जुळवायला मी लगेच बसलो. सोमवारी पहिली पत्रिका मामा कपिलधारला देवापुढे ठेवणार होते, त्याआधी ती छापून यायला हवी होती. मी कुलदैवताचं नाव टाकलं, वधूचं नाव टाकलं, आणि पडद्यावरचा बाण आपला आपण चालत कोपऱ्यात जाऊन बसला. ओढून आणला, तर परत गेला. मी म्हटलं, नवीन आहे, सरावेल.

मंगल चहा घेऊन आली आणि पडद्यावर वाकली.

"अवो, नवरदेवाच्या नावापुढं सरकी कावून लिवलंय?"

खरंच होतं. नवरदेवाचं नाव, शिक्षण, आणि लगेच 'सरकी'.

मला जराही नवल वाटलं नाही. जो माणूस सरकीच्या पोत्यावर बसून दहावीचा अभ्यास करतो, त्याच्या बोटांतून दुसरं काय येणार? "बोटांची सवय हाय," मी म्हणालो आणि खोडून टाकलं. थोड्या वेळानं वराच्या आजोबांना 'ओली पेंड' लागली. मामांच्या थोरल्या भावाच्या नावामागे 'श्री' होतं तिथं 'चार पोती' आलं. (ते भाऊ अंगानं तसेच होते, पण पत्रिकेत तसं लिहीत नाहीत.) आता मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं.

औरंगाबादच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, सेल बदला. बदलले. सरकी आणखी जोमानं उमटायला लागली. तो म्हणाला, आसपास विजेचं काही चालू असेल, त्याच्या लहरी येत असतील. मी घरातला मिक्सर बंद केला, ट्यूबलाइट बंद केली, फ्रिज बंद केला आणि ऐन बाजारभावाच्या वेळी अण्णांचा रेडिओ बंद केला.

"रेडिओ कावून बंद केला रे?"

"अण्णा, लहरी येतेत."

"कुठून?"

"तेच हुडकतोय."

"घावल्या की मला दाव," असं म्हणून अण्णा अंधारात शांतपणे बसून राहिले.

तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा दुकानदार वैतागला होता. तो म्हणाला, "टेबल लोखंडी असेल तर काढा. लोखंडाला लहरी अडतात." झालं! माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. लोखंडाला लहरी अडत असतील तर त्या बाहेरच का अडवू नयेत? मी स्वयंपाकघरातल्या सगळ्या पराती, ताटं आणि एक मोठं झाकण आणलं, आणि भिंतीला खिळे ठोकून टांगलं. रस्त्याच्या बाजूला पराती, शेजाऱ्यांच्या बाजूला ताटं, खिडकीत झाकण. फक्त पार्टिशनची बाजू मोकळी सोडली. तिकडून काय येणार? तिकडे तर दादाच होता!

अण्णांनी दारातून बघितलं. "दुकान बदललं का? भांड्यांचं टाकलं?"

मी एक ताट सरळ केलं. संशोधकानं अशा वेळी बोलायचं नसतं.

तेवढ्यात मंगल कणीक मळायची परात शोधत आली. खिळ्यावरची परात काढून ती त्या मधल्या फटीत उभी राहिली. तिनं एकदा दादाच्या पडद्याकडे बघितलं, एकदा माझ्या. मग परात खाली ठेवली.

"तुमी जरा हात वर करा," ती मला म्हणाली.

मी केले.

"मोठे भावजी, तुमचं चालू द्या."

दादा एका बोटानं टायपायचा आणि नजर कीबोर्डवर अशी रोवायचा की पडदा त्यानं बिल छापून झाल्यावरच बघावा. त्यानं एक कळ दाबली. माझे हात वर, आणि माझ्या पडद्यावर अक्षर! त्यानं दुसरी दाबली. इकडे दुसरं!

"आता तुमी," मंगल म्हणाली. मी 'आपले नम्र' असं टायपलं. पलीकडून दादा ओरडला, "ह्ये मी न्हाई लिवलं बे!"

 मग दादाच्या चेहऱ्यावर हळूहळू भीती दिसायला लागली. "सोम्या," तो म्हणाला, "मी दोन दिस झाले बिलं न वाचता तशीच देतोय."

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. नेकनूरचे भागवतराव, आमचं जुनं गिऱ्हाईक, पेंड न्यायला आले होते. एरवी एकटे येत. आज जीपमधून बायको उतरली, मुलं उतरली, म्हातारी आई उतरली. सगळ्यांच्या अंगावर ठेवणीतले कपडे.

"आज समदेच?" अण्णांनी विचारलं.

"तुमीच लिवलं न्हवं का कालच्या बिलावर, सहकुटुंब सहपरिवार या म्हून," भागवतराव म्हणाले. "आमाला बी नवल वाटलं. पन माणूस एवढ्या पिरमानं बोलावतंय तर यावं. आहेर आणू नये लिवलतं, म्हून रिकाम्या हातानं आलोय बघा."

आमच्या अण्णांनी आयुष्यात गिऱ्हाइकाला चूक दाखवलेली नाही. "बसा," ते म्हणाले आणि मंगलनं शिऱ्याला रवा भाजायला घेतला.

मी कीबोर्ड उलटा केला. पोटाखाली एक बारीक खटका होता, एक आणि दोन असे आकडे असलेला. माझा एकवर. दादाचाही एकवर. दोन्ही एकाच नंबरवर कसे, असं मी मोठ्यानं म्हणालो, तर अण्णा अभिमानानं पुढे आले.

"त्या दुकानदारानं एकाला एक लावलता, दुसऱ्याला दोन. म्या लगेच धरला त्याला! म्हणलं, माझ्या पोरांत असला भेद चालायचा न्हाई. दोन्ही एकवर करून दे."

मी आणि दादानं एकमेकांकडे बघितलं.

"अण्णा, वेगळाच नंबर लागतो," मी म्हणालो. "त्याशिवाय हे थांबायचं न्हाई."

"मग एक नंबर कुणाला?"

आली का पंचाईत! दादा थोरला, त्याला एक दिला तर मी दोन नंबरचा. मला दिला तर थोरल्याचा मान गेला. अण्णांनी दोघांनाही दोन देऊन बघितलं. (सरकी पुन्हा सुरू.) शेवटी असं ठरलं, की एक आठवडा दादा एक नंबर, एक आठवडा मी. पुढे ते कीबोर्ड मोडेपर्यंत दर सोमवारी पूजा झाली की अण्णा स्वतः येऊन खटके बदलायचे.

एकदाची सरकी थांबली. मी पत्रिका वरपासून खालपर्यंत धुऊन काढली. ओली पेंड गेली, पोती गेली. मंगल नेकनूरच्या पाहुण्यांत गुंतली होती, म्हणून अण्णांना वाचायला दिली. मग दादाला. मग गेवराईहून मामा आले आणि त्यांनी एकेका ओळीखाली बोट फिरवत, ओठ हलवत, अगदी तळापर्यंत वाचली.

"झकास!" मामा म्हणाले. "घरीच असतेत, पन काम चोख हाय."

मंगलच्या डोळ्यांत पाणी आलं. मला इतका आनंद झाला की मी पत्रिका स्वतः छापखान्यात नेऊन दिली. सोमवारी ती कपिलधारला देवापुढे गेली आणि तिथून सगळ्या पाहुण्यांकडे.

पुढच्या आठवड्यात गेवराईहून बोलावणं आलं. मामांच्या बैठकीत नवरदेवाचे वडील बसले होते. अंबाजोगाईचे निवृत्त गुरुजी, जन्मभर मराठी शिकवलेले. हातात पत्रिका.

"छान झालीय," गुरुजी सावकाश म्हणाले. "एकही चूक नाही. फक्त ही शेवटची ओळ तेवढी आम्हाला कळली नाही. 'आपले नम्र'च्या खाली. 'एकदा विकलेला माल कोणत्याही कारणास्तव परत घेतला जाणार नाही.'"

"त्यात काय?" मामा म्हणाले. "ती तर असतीच की सगळ्या कागदा..."

आणि त्यांचा हात हवेत तसाच राहिला.

दादा प्रत्येक बिलाच्या तळाशी ती ओळ नव्यानं टायपायचा. (साठवून ठेवता येतं असं मी शिकवलं होतं, पण हात बसतो म्हणून तो रोज टायपायचा.) अण्णांनी दोघांनाही दोन नंबर देऊन बघितला, तेव्हा ती माझ्या पत्रिकेच्या तळाशी येऊन बसली होती. मी वाचली. अण्णांनी वाचली. दादानं वाचली. मामांनी तर बोट ठेवून वाचली! पण आम्ही सगळे दुकानदाराच्या पोटचे. छापील कागदाच्या तळाशी ती ओळ नसती, तरच आम्हाला काहीतरी राहिलंय असं वाटलं असतं.

मामांनी माझ्याकडे बघितलं. 'घरीच असतेत' त्यांच्या ओठांवर स्पष्ट दिसत होतं. मंगलनं पदर मुठीत आवळला. लाजेनं मला जमिनीत जावंसं वाटत होतं.

"नाही म्हणजे," गुरुजी म्हणाले, "ही अट आम्हालाच आहे का?"

 तेवढ्यात आतल्या दाराआडून शिवलीलाचा आवाज आला. ती बोलली आईशी, पण ऐकू सगळ्यांना जावं अशा बेतानं.

"त्यान्ला सांग, अट दोन्हीकडून लागू हाय. आमी बी पोरगा परत घेऊन जा म्हणणार न्हाई!"

हसता हसता गुरुजींना ठसका लागला. "मंजूर!" ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. मामा हसले, मंगल हसली, आणि सगळ्यांत शेवटी, परवानगी असल्याची खात्री करून, मी हसलो.

लग्न थाटात झालं. भागवतराव सहकुटुंब सहपरिवार आले होते. बीड-गेवराईच्या इतक्या व्यापाऱ्यांनी ती पत्रिका वाचली, पण त्या ओळीबद्दल एकानंही विचारलं नाही.

शिवलीलाचा संसार सुखाचा चालला आहे, अट दोन्ही बाजूंनी पाळली जात आहे. आमच्याकडे मात्र मी एखादं नवीन यंत्र उघडून बसलो आणि हळूच परातीकडे हात नेला, की मंगल कपाटातून आमची स्वतःची लग्नपत्रिका काढते, तळापर्यंत बोट फिरवते आणि अगदी शांतपणे म्हणते :

"ह्याच्यावर ती ओळ न्हाई बरं का. माल अजून परत करता येतोय."