अंकुशच्या रोबोंवरची धूळ

"सर, त्यांना कुणाला पुसू देऊ नका." बीडच्या दवाखान्यात नाकात नळी असताना अंकुश माझ्याशी शेवटचं बोलला ते एवढंच. एवढ्या एका वाक्यासाठी त्याला तीनदा थांबावं लागलं... मी त्याचा हात धरून हो म्हणालो. तो बोलत होता ते त्याच्या घरातल्या अकरा रोबोंबद्दल. जपानी किटमधून जोडलेले, वीतभर उंचीचे, त्यानं स्वतः रंगवलेले आणि मग स्वतःच मळवलेले. माणूस अशा वेळी बायकोचं बोलतो, लेकीच्या लग्नाचं बोलतो, हा प्लास्टिकच्या बाहुल्यांवरच्या धुळीचं बोलतोय म्हणून खाटेच्या पायथ्याशी उभा असलेला त्याचा मेहुणा तोंड वाकडं करून बाहेर गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. त्याला आता दोन महिने होऊन गेले. अशा लेखात चार गोड आठवणी सांगायच्या असतात हे मला कळतं, पण मला किळस आली आहे, आणि ती कोणाकोणाची आली आहे ते सांगितल्याशिवाय मला अंकुशबद्दल काही लिहिताच येणार नाही.

अंकुश आमच्या भागातल्या एका खडी क्रशरवर फिटर होता, सव्वीस वर्षं. मी जवळच्याच शाळेत चित्रकला शिकवायचो. शाळेच्या फाटकाचं वेल्डिंग करायला तो आला, काम झाल्यावर फाटकाला मी लावलेला हिरवा रंग बघून "सर, खाली रेड ऑक्साइड मारलं न्हाई तुमी, पावसाळ्यात पापुद्रे निघतेल," असं माझ्याच तोंडावर म्हणाला, आणि पावसाळ्यात पापुद्रे निघाले. तेव्हापासूनची ओळख. पुढं दर चतुर्थीला माझ्या मोटारसायकलवरून लिंबागणेशला जायचं, दर्शन घ्यायचं आणि बाहेर चहा पीत तासभर जगातल्या सगळ्या रंगकामाला नावं ठेवत बसायचं, हा आमचा नेम झाला. तो माझ्याहून बारा वर्षांनी लहान होता. नावं ठेवण्याच्या बाबतीत मात्र आम्ही एका वयाचे होतो.

मी निवृत्त झालो तेव्हा पुण्याच्या मुलानं वेळ जावा म्हणून एका रोबोचं किट पाठवलं. प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले नखाएवढे दोन-तीनशे तुकडे, ते कापायचे, घासायचे आणि एकात एक बसवायचे. माझे डोळे पहिल्याच गुडघ्यात दमले. खोका अंकुशला दिला. दोन रविवारांत त्यानं तो उभा करून आणला, पांढराशुभ्र, निळ्या छातीचा, आणि माझ्या टेबलावर ठेवून नाक मुरडलं.

"बसलाय बेस. पण लई नवा दिसायलाय, सर. यानं कवा काम केल्यालं वाटत न्हाई."

"अरे, खेळणं आहे. नवंच दिसणार."

"मग नवरदेव म्हणा की. यंत्र कावून म्हणायचं?"

एवढ्यावरून सुरुवात झाली. मोबाईलवर त्यानं जगभरातल्या लोकांचे व्हिडिओ पाहिले. अशा रोबोंवर गंज, ओघळ, ओरखडे रंगवणारे हजारो लोक आहेत हे कळल्यावर त्याला आनंद झाला, आणि त्यांचं काम पाहिल्यावर राग आला. "ह्यांनी गंज हळद लावल्यावानी लावलाय, सगळ्या अंगाला सारखा," तो म्हणायचा. त्याचं शास्त्र सरळ होतं. पाणी जिथं थांबतं तिथं गंज, हात जिथं लागतो तिथं चमक, तेल जिथं गळतं तिथं धुळीचा चिखल. रोबोच्या हातात हत्यार असेल तर उजव्या खांद्याचा रंग डाव्याआधी उडाला पाहिजे. आधी गंजाचा रंग, त्यावर ओल्या बोटानं खडेमीठ, त्यावर पिवळा रंग, आणि वाळल्यावर टूथब्रशनं मीठ झाडलं की पिवळ्याखालून गंज डोकावायचा. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी चक्क उठून उभा राहिलो. पस्तीस वर्षं मी मुलांना फळं आणि माठ काढायला लावले, पण एखाद्या वस्तूनं किती सोसलं आहे हे तिच्या रंगावरून दाखवता येतं, हे मी एकालाही शिकवलं नव्हतं. रंग मात्र मीच पुरवायचो. शाळेतले उरलेले पोस्टर कलर. पाण्यानं विरघळणारे. चांगले रंग मागवून देतो असं मी दर वर्षी म्हणायचो...

धूळ मात्र त्याची स्वतःची. क्रशरची करडी भुकटी तो तंबाखूच्या डबीत आणायचा आणि शेवटचा हात म्हणून मऊ कुंचल्यानं रोबोच्या खांद्यांवर सोडायचा. ती पक्की करायला वॉर्निश मार म्हणून मी सांगितलं तर म्हणाला, "धूळ चिटकवायची नसती, सर. बसू द्यायची असती." दुसऱ्या का तिसऱ्या रोबोच्या वेळी मी भिंग लावून पाहिलं आणि मास्तरकी केली. म्हटलं, अंकुश, ही धूळ जाड आहे. एवढ्याशा रोबोवर हा एकेक कण धोंड्यासारखा दिसतो. बारीक आण. त्याला ते पटलं, चूक दाखवली की त्याला पटायचीच. पुढच्या चतुर्थीला त्यानं आणली ती पिठासारखी होती, बोटाला लागली तरी जाणवेना. कुठून आणलीस विचारलं तर म्हणाला, चाळणीच्या वरच्या पत्र्याखाली आढ्याला बसलेली असते, शिडी लावून ब्रशनं झाडून डबीत घेतो. आणि तोंडाला काय बांधतोस? तर हसला. रुमाल बांधला की डबी दिसत नाही म्हणाला. मीही हसलो. ते हसणं मला अजून आठवतं. कारण त्यानंतर नऊ रोबो झाले, आणि प्रत्येक वेळी मी भिंग लावून "आणखी बारीक" म्हणालो आहे.

खोकला क्रशरवरच्या सगळ्यांनाच असतो. त्यावर तिथं उपाय गूळ. पाळी सुटली की मालकाकडून प्रत्येकाला गुळाचा खडा मिळतो, गुळानं छातीतली धूळ खाली उतरते म्हणे. मास्क मागितले तर गूळ वाढवून मिळतो. अंकुश आपला खडा कागदात बांधून घरी आणायचा आणि निम्मा मला द्यायचा, "घ्या सर, तुमी पन खडूच खाल्ला की जलमभर." आम्ही तो चहात घालून प्यायचो. पुढं त्याला जिना चढवेना, मग मोटारसायकलवर मागं बसून बोलवेना. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं, कामाला कुठं आहात? उत्तर ऐकून त्यांनी फोटो खाली ठेवला आणि आणखी काही विचारलं नाही. जन्मात बिडी न ओढलेल्या माणसाच्या छातीत दगड बसला होता.

तेराव्याला मालक आले. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांना ते छापून आलेलं फार आवडतं. त्यांच्याआधी त्यांच्या माणसांनी फ्लेक्स आणून लावला. त्यावर अंकुशचा फोटो पासपोर्टएवढा आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे चेहरे परातीएवढे. माईक नव्हता तरी माईकवर बोलल्यासारखं भाषण झालं. माझा कामगार कलाकार होता, मला अभिमान आहे, पण तरुणांनो, बिडीकाडी सोडा रे, बघा कशी घरं उघडी पडतात. माझ्या शेजारी क्रशरवरचे आठ-दहा जण बसले होते. सगळ्यांना माहीत होतं की अंकुश बिडी ओढत नव्हता, आणि सगळे खाली सतरंजीकडे बघत होते. त्यांना उद्या कामावर जायचं होतं. मला कुठं जायचं होतं? पेन्शन बँकेत येते. मी उठून "खोटं आहे" म्हटलं असतं तर माझं कोणी काही वाकडं करणार नव्हतं, तरी मीही सतरंजीकडेच पाहिलं. त्या घटकेची किळस मालकापेक्षा मला माझीच जास्त येते.

जाताना ते रोबो मांडलेल्या फळीपाशी थांबले. पिवळा रोबो उचलला, क्रशरच्या जबड्यासारख्या खांद्यांचा, अंकुशचं सगळ्यात चांगलं काम. बोटांना धूळ लागली. त्यांनी बोटं पाहिली आणि दारात टांगलेल्या अंकुशच्या शर्टाला पुसली. मुद्दाम नव्हे, लक्षही नव्हतं, जे हाताशी आलं त्याला पुसली. "लई घाण बसलीय, वहिनी. पुसत जावा अधूनमधून. ह्यो एक आपल्या हाफिसात शोकेसला लावू, तेवढा साफ करून पाठवा," म्हणाले. अंकुशची बायको मीरा दारात पदर घेऊन उभी होती. "बरं," म्हणाली. तिचा तो शब्द ऐकून मी चहा न घेता निघून आलो.

चार दिवसांनी मी पुठ्ठ्याचा खोका आणि कापूस घेऊन गेलो. ठरवलं होतं, अकराच्या अकरा घरी आणायचे, काचेत ठेवायचे, दिलेला शब्द पाळायचा. अंगणात बाजेवर फडकं अंथरलेलं होतं आणि त्यावर अकरा रोबो उन्हात वाळत होते. पिवळेधमक, निळे, लाल. निरमा आणि घासणीनं घासलेले. पोस्टर कलरचा गंज धुऊन गेला होता, ओघळ गेले होते, धुळीचा मागमूस नव्हता. सात वर्षांचं काम, आणि समोर दिसत होतं ते जत्रेतलं खेळण्याचं दुकान. मी मीरावर ओरडलो. आयुष्यात तिच्याशी आवाज चढवून बोललो नव्हतो, त्या दिवशी बोललो. एका माणसाच्या हाफिसातल्या शोकेससाठी तू नवऱ्याचं सगळं केलेलं धुऊन टाकलंस, असं म्हणालो. त्यानं मरताना एकच गोष्ट मागितली होती, असंही म्हणालो.

तिनं ऐकून घेतलं. मग बाजेच्या कडेला बसली.

"मालकाला कोन द्यायलंय? एक बी जाणार न्हाई तिकडं. म्हनूनच धुतले मी."

"म्हणजे?"

"त्याची धूळ हाय ती, सर. सव्वीस वरसं मी ती ह्यांच्या बनियनमधनं काढली. उशीच्या अभ्र्यातनं काढली. आंघूळ करून आले तरी निजल्यावर उशीवर यायची. ती माज्या घरातल्या फळीवर हे मांडून ठेवायचे, तुमी भिंगातनं बघायचा, आन लई भारी म्हनायचा. मी काय बोलनार? तुमी शिकल्याले. त्या दिशी त्या मानसानं त्यांच्याच शर्टाला बोटं पुसली, तवा मला ऱ्हावलं न्हाई. म्हनलं, आता हिचा एक कन घरात ठेवायचा न्हाई."

ती रागावलेली नव्हती, हे जास्त वाईट होतं. मला वाईट वाटू नये अशा बेतानं तिनं विचारलं, "सर, बारीक धूळ तुमीच मागायचा ना? हे शिडीवरनं उतरले की घंटाभर खोकायचे. पन सरांना पसंत पडली म्हनून खूश असायचे."

मी हो म्हणालो. त्या दोघांना मी दिलेला हा दुसरा होकार, आणि खरा ठरलेला पहिला.

इतके दिवस मी किळस वाटून देत होतो, थोडी मालकाला, थोडी फ्लेक्सला, थोडी सतरंजीकडे बघणाऱ्यांना. त्या बाजेपाशी उभं राहिल्यावर कळलं की मी ज्या करड्या भुकटीला कलेचा शेवटचा हात म्हणत होतो, ती एका माणसाच्या छातीत जाऊन उरलेली भुकटी होती, आणि भिंग लावून मी तिचा कस बघत होतो. मीरानं आठवीनंतर शाळा पाहिली नाही, पण त्या फळीवर काय ठेवलं आहे ते घरात तिला एकटीला नीट दिसत होतं. तरी अंकुश चुकला असं मला म्हणवत नाही. आपल्या अंगावर सव्वीस वर्षं बसलेली धूळ त्यानं एकदा दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर ठेवून, लांबून नीट बघितली, एवढंच त्यानं केलं होतं... पुसू नका म्हणाला तेही त्याचं बरोबर आणि तिनं धुतले तेही तिचं बरोबर, आणि या दोघांच्या मध्ये मी रिकामा खोका घेऊन उभा होतो.

मी निघालो तेव्हा ती म्हणाली, "सर, एक इचारायचं व्हतं," आणि मला मोरीपाशी घेऊन गेली. तिथं प्लास्टिकची बादली होती, ताट झाकलेली. तिनं ताट उचललं. वर पाणी निवळलं होतं आणि तळाशी बोटभर करडा गाळ बसला होता, पिठासारखा, मला हवा होता तितका बारीक. रोबो धुतल्याचं पाणी तिनं ओतलंच नव्हतं.

"त्यांची राख राक्षसभुवनला गोदामाईत सोडली," ती म्हणाली. "ह्ये कुठं सोडू? गटारीत वतवंना, आन घरात बी ठेववंना."

त्यानंतर दोन चतुर्थ्या झाल्या, मी एकटाच लिंबागणेशला जातो आणि परतताना तिच्याकडे थांबतो. ती चहा करते. मालकाचा माणूस दोनदा येऊन गेला, तिनं त्याला दारातूनच परत पाठवलं. रोबो फळीवर आहेत, नवरदेवासारखे, त्यांच्याकडे आम्ही दोघंही बघत नाही. बादली मोरीपाशीच आहे. पाणी आटत आटत आता चार बोटं उरलं आहे, आणि ती रोज ताट उचलून एकदा आत बघते आणि पुन्हा झाकून ठेवते.