शिंग वर्षाचं

हरणाला हळद लावायला निघालेला माणूस बहारीनमध्ये मी एकटाच असेन. जिदहफ्सजवळच्या एका धनिकाच्या बागेत मी एसी सांभाळायचो. थंडीच्या तोंडाला एका सकाळी हरणांच्या शेडचं दार जरा जोरात लोटलं, तर युरोपातून आणलेल्या रो जातीच्या नर हरणाचं एक शिंग टपकन खाली पडलं. डोक्यावर रक्ताचा ठिपका! आता नोकरी खलास, व्हिसा खलास. शिंग टूलबॅगेत कोंबलं, हात कापला तर असावी म्हणून ठेवलेली हळदीची पुडी काढली आणि हरणामागे धावत सुटलो.

"जाधव, लग्न ठरलं का रे त्याचं?" मागून आवाज आला. बागेतल्या जनावरांचे डॉक्टर, आमचे मालवणकडचे मुणगेकर. मी शिंग पुढे केलं. ते पोट धरून हसले. "दुसरंही पडेल आता. तेही तूच तोडणार काय? शेळीचं शिंग जन्माचं, हरणाचं वर्षाचं!"

डॉक्टरांची एक तऱ्हा होती. जनावराजवळ गेले की त्याच्याकडे पाठ करून भलतंच काही बोलत राहायचे. "टक लावलीस की बुजतं ते," म्हणायचे.

त्याच सुमारास सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, टायफॉइड होऊन गेला होता. केस मुठीमुठीने गळले. शेजारणी बघायला येत आणि तेलं सुचवून जात. मी तर मनामाच्या बाजारातून केसांचा टोप आणला. दोन दिवस अबोला. स्कार्फ बांधून ती घरात बसे आणि एकच म्हणे, "मला गावी पाठवा."

मी हे डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "शुक्रवारी वहिनींना हरीण बघायला आण."

ती नाखुशीनेच आली. हरीण शेळीएवढं, थंडीमुळे करडं झालेलं, नाक काळं, शेपूट नावालाच, मागे पांढरा चट्टा. दोन्ही शिंगं गेलेली. त्या जागी मखमली कातडीचे दोन कोंब. डॉक्टर तिच्याकडे पाठ करून म्हणाले, "बाकीच्या बऱ्याच हरणांची शिंगं उन्हाळ्यात वाढतात, वहिनी. ह्याचं सगळं थंडीत. झाकलेलं आहे ना, म्हणजे आत काम चालू आहे."

पुढचा शुक्रवार आला तर तिनेच विचारलं, "जायचं ना?" कोंब वाढले, त्यांना फाटे फुटले. गावी जायचा विषय मागे पडला. ऊन तापू लागल्यावर एका शुक्रवारी नर खजुराच्या खोडावर शिंगं घासत होता. मखमलीच्या चिंध्या लोंबत होत्या, आतून तीन-तीन टोकांची कोरी शिंगं निघत होती. मी वळून पाहिलं. सुमनने स्कार्फ सोडला होता. बोटभर दाट केस. डॉक्टर हरणाकडेच बघत म्हणाले, "यल्ला, चल जाधव, चहा सांग."

पुढे डॉक्टर मालवणला परतले. मी लपवलेलं तेच शिंग त्यांनी जपून ठेवलं होतं; जाताना ते सुमनला देऊन गेले. ते वारल्याचं परवा कळलं. मी म्हटलं, "काय औषध दिलं गं त्यांनी तुला? काहीच नाही."

अंबाडा बांधता बांधता ती म्हणाली, "सगळे माझं डोकं बघून गेले हो. त्यांनी मला हरीण दाखवलं."