टेबल माझ्या उंचीचं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून माझं काय लपतं? पण परवा लग्नाच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं, "डॉक्टर, सत्तरी आली तरी पाठ कशी ताठ हो तुमची!" आणि माझं डोकंच सणकलं. पान अर्धं टाकून उठलो.

मी बुटका आहे. चांगलाच. माझ्या लग्नात नवरी उंच, म्हणून माझ्या पायांखाली एकावर एक दोन पाट रचले होते. अख्खा मांडव हसला. अंतरपाटाआड मी दात-ओठ खात उभा. तेव्हाच ठरवलं — पुन्हा कशावर चढून उभं राहायचं नाही. मूर्खपणा कुठून सुरू होतो, बघा!

पुढे मी मद्रासला एका मोठ्या इस्पितळात सर्जन झालो. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. ऑपरेशनचं टेबल खालीवर करता यायचं. मी ते खाली घ्यायला लावायचो — माझ्या कोपराशी येईल इतकं. आणि समोर माझा मदतनीस, माधव. आमच्याच तंजावरकडच्या मराठी घरातला, मद्रासच्या वेस्ट मांबलम भागात बहिणीकडे राहणारा, ताडमाड पोरगा. तासन् तास मान मोडून, कमरेत वाकून उभा असायचा. हात मात्र सोन्याचे! माझ्यापेक्षा चांगले. हेही आजच कबूल करतोय.

दोन वर्षांत त्याची मान धरली. मग खांदा. मग उजव्या हाताला मुंग्या. कुरकुरला का? नाही. सुताराकडून माझ्यासाठी एक चौरंग करून घेऊन आला. म्हणाला, "सर, तुम्ही ह्याच्यावर उभं राहिलात तर टेबल जरा वर घेता येईल. तुम्हालाही त्रास नाही." केवढ्या आदबीनं बोलला! आणि मी? नर्सेसच्या देखत चौरंगाला लाथ घातली. "माझी उंची काढतोस?" असं ओरडलो. त्यानं तो बाहेर नेऊन ठेवला, हात धुतले आणि पुन्हा वाकून उभा राहिला.

पुढे एकदा त्याच्या बधिर बोटांतून चिमटा निसटला. रोग्याला काही झालं नाही, पण बोभाटा झाला. बड्या डॉक्टरांनी मला बोलावून विचारलं — ह्याचं काय बिनसलंय? टेबल खाली असतं, त्यानं ह्याची मान गेली — एवढं सांगितलं असतं तर माझी जीभ झडली असती का? मी म्हणालो, "पोरात दम नाही. सर्जरी ह्याचं काम नव्हे." खोटं! धडधडीत खोटं! माधवला सर्जरीतून काढलं. तो गावी परतला आणि खोकल्या-तापाची औषधं लिहीत बसला. ते हात, आणि हे काम!

दुखलं तरी बोलायचं नाही, हा आम्हा सर्जन लोकांचा माजच होता तेव्हा. पण लाथ त्या माजानं नाही मारली. मी मारली.

आणि मला कळत नव्हतं, असं तर मुळीच समजू नका. माधवच्या जागी घ्यायला चार पोरं माझ्यासमोर उभी केली होती. हुशार कोण, हात कुणाचा चांगला — मी काही विचारलं नाही. त्यांतला सगळ्यांत बुटका घेतला.